जप्तीची वही वेगळी, भरपाईची वही वेगळी

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. आमच्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या चार जमिनींचा मुंबईत लिलाव झाला. दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या या जमिनी. त्यातला एक तुकडा जेमतेम १७१ चौरस मीटरचा. कोकणातल्या माणसाच्या हिशेबानं चार आंबे नि एक फणस लावला की संपला. सरकारनं त्याची राखीव किंमत ठेवली होती १५,४४० रुपये. बोली गेली २ कोटी १ लाखापर्यंत! दुसऱ्या तुकड्याला ३ लाख २८ हजारांची बोली आली. उरलेल्या दोन तुकड्यांकडे कुणी फिरकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मला मुंबईहून फोन आला. माझगावच्या ज्या चाळीत माझी तरुणपणची काही वर्षं गेली, तिथल्या शेजारच्या काकूंचा. काकू आता ऐंशीच्या पुढं आहेत, पण पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणाल्या, ‘अरे, तुमच्या तिकडची जमीन दोन कोटींना गेली म्हणे. ते पैसे कुणाला मिळतात रे?’

मी म्हटलं, ‘सरकारला, काकू.’

‘आणि आम्हाला?’

काकूंचे यजमान फोर्टमधल्या एका कचेरीत शिपाई होते. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमाराला ते शेअर बाजाराच्या इमारतीपाशी होते. त्या दिवसाचा पहिला स्फोट तिथंच झाला.

काकूंनी काही भांडून विचारलं नव्हतं. सहज विचारलं होतं. पण त्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कविता लिहिणारा माणूस, वकील नव्हे. तरी त्या दिवसापासून मिळेल तो कायदा, मिळेल तो निकाल वाचत गेलो. दहशतवादाशी जोडलेली मालमत्ता सरकार जप्त करतं, आणि दहशतवादात होरपळलेल्या माणसांना सरकार मदत देतं, या दोन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक असतात. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

जप्ती फार जुनी

राज्याविरुद्ध उठलेल्या माणसाचं घरदार जप्त करायचं, ही रीत राजेशाहीइतकीच जुनी. आपल्याकडे तिला कायद्याचं रूप दिलं इंग्रजांनी. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या शिपायांची मालमत्ता सरकारजमा करणारा कायदा त्याच वर्षी झाला. १८५८ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॅनिंगनं जाहीरनामा काढला आणि सहा जमीनदारांचा अपवाद करून अवघ्या अवधची जमीन सरकारची झाल्याचं सांगितलं. एका प्रांताची सगळी जमीन एका कागदानं! पुढं तालुकदारांशी जुळवून घ्यावं लागलं तेव्हा त्यातली बरीचशी परत दिली, तो भाग वेगळा.

दिल्लीत मिर्झा गालिब होते. त्यांनी काही तलवार उचलली नव्हती. साठीला टेकलेला, कर्जात बुडालेला कवी. पण त्यांची पेन्शन बंद झाली आणि ती पुन्हा सुरू व्हायला १८६० साल उजाडावं लागलं. ज्यानं गुन्हा केला त्याची मालमत्ता घेणं वेगळं, आणि त्याच्या शहरात राहतो, त्याच्या जातीधर्माचा आहे म्हणून संशयावर कुणाच्या तोंडचा घास काढणं वेगळं. १८५७ नंतरच्या दिल्लीत या दोन्हींमधली रेघ पुसली गेली होती. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं याच रेघेकडे परत यायचं आहे.

१८६० च्या भारतीय दंडविधानात सरकारविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्याला फाशी किंवा काळं पाणी होतंच, वर त्याची सगळी मालमत्ता जप्त करण्याची शिक्षा होती. मराठी वाचकाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. नाशिकच्या खटल्यात १९१० च्या डिसेंबरमध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप झाली, आणि त्या निकालात मालमत्ता जप्त करण्याचाही हुकूम होता. त्याआधी त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांनाही तशीच शिक्षा झालेली होती. घरातले कर्ते पुरुष अंदमानात आणि घरातली चीजवस्तू सरकारात, अशी ती पद्धत. माणूस शिक्षा भोगतो एकटा. जप्ती भोगतं सगळं घर.

गंमत म्हणजे ही तरतूद इंग्रजांनीच काढून टाकली. १९२१ साली दंडविधानात दुरुस्ती झाली आणि सगळी मालमत्ता जप्त करण्याच्या शिक्षेच्या जागी दंड आला. तेव्हा स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या दंडविधानात गुन्हेगाराची सगळीच्या सगळी मालमत्ता सरकारजमा करण्याची सर्वसाधारण शिक्षा उरलेली नव्हती.

ती दुसऱ्या दारानं परत आली. १९७६ साली, आणीबाणीत. या वेळी निशाणा होता तस्करांवर. कायद्याचं लांबलचक नाव सगळे विसरले. ‘साफेमा’ हे त्याचं आद्याक्षरी नाव तेवढं राहिलं. तस्करी किंवा परकीय चलनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, किंवा त्या कारणानं स्थानबद्ध केलेला माणूस, त्याचे नातेवाईक, त्याचे साथीदार, यांच्याकडची बेकायदा कमाईची मालमत्ता केंद्र सरकारनं ताब्यात घ्यायची, असा हा कायदा. कमाई स्वच्छ आहे हे दाखवायचं ओझं सरकारवर नाही, मालमत्ता धारण करणाऱ्यावर.

या कायद्याला आव्हान मिळालं आणि १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो वैध ठरवला. पण त्याच निकालात एक मोलाची गोष्ट सांगितली. माणूस नातेवाईक आहे एवढ्यावरून त्याच्या स्वतःच्या कमाईचं घर जप्त होणार नाही. त्या घराचा धागा मूळ गुन्हेगाराच्या बेकायदा पैशाशी जुळला पाहिजे. मघाशी म्हटलं ना, दिल्लीत पुसली गेलेली रेघ? ती इथं निदान कागदावर तरी पुन्हा आखली गेली.

लिलावाचा तमाशा

आता १९९३. त्या रमजानच्या शुक्रवारी मुंबईत लागोपाठ झालेल्या स्फोटांत २५७ माणसं गेली आणि ७१३ जखमी झाली. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचा सेंच्युरी बाजार, दादरचं प्लाझा, झवेरी बाजार ही नावं त्या दिवसापासून पत्त्यांपुरती राहिली नाहीत. स्फोटकं उतरली होती आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीला. ती उतरू देणारे कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही पुढं न्यायालयात दोषी ठरले.

खटला टाडाखाली चालला. टाडामध्ये जप्तीची स्वतंत्र तरतूद होती. दोषी ठरलेल्याची मालमत्ता सरकारजमा करता येई, खटला चालू असताना तिच्यावर टाच आणता येई आणि आरोपी फरार असला तर जाहीरनामा काढून त्याच्या घरावर टाच येई. शंभर जण दोषी ठरले ते २००६-०७ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१३ च्या मार्चमध्ये. मुख्य सूत्रधार म्हणून ज्यांची नावं घेतली गेली ते फरारच राहिले. त्यांच्या हाती लागण्यासारखं जे होतं ते एवढंच, मागं राहिलेल्या इमारती, गाळे, खोल्या आणि जमिनी.

दाऊदच्या मालमत्ता जप्त झाल्या त्या साफेमाखाली. म्हणजे कायद्याच्या भाषेत स्फोटांसाठी नव्हे, तस्करीच्या पैशासाठी. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण त्या कायद्यात ‘बळी’ हा शब्दच नाही. तस्करीत लुबाडलं जातं ते सरकार; म्हणून जप्त झालेलं सगळं सरकारचं, हे त्या कायद्याचं सरळ गणित.

पहिला लिलाव डिसेंबर २००० मध्ये पुकारला तेव्हा बोली लावायला कुणीही आलं नाही. भीतीच तेवढी होती. पुढच्या वर्षी दिल्लीच्या एका वकिलांनी धाडस करून नागपाड्यातले गाळे घेतले, पण ताब्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं न्यायालयात चकरा माराव्या लागल्या. २०१५ च्या लिलावात एक जुनी मोटार ३२ हजारांना गेली. घेणाऱ्यानं ती गाझियाबादला नेऊन कॅमेऱ्यांसमोर जाळली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तीन इमारती ११ कोटी ५८ लाखांना गेल्या. भेंडी बाजाराचा पुनर्विकास करणाऱ्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टनं त्या घेतल्या. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाऊदची आई आणि बहीण यांच्या बाजूची अपिलं फेटाळली आणि ऑगस्टमध्ये अमिना मॅन्शन त्याच ट्रस्टला ३ कोटी ५१ लाखांना मिळाली. २०२० मध्ये मुंबक्याचा बंगलाही ११ लाख २० हजारांना गेला.

प्रत्येक लिलावाच्या वेळी दूरचित्रवाणीच्या गाड्या येतात. बोली लावणारा मुलाखत देतो. देशभक्तीची वाक्यं बोलली जातात. त्या मोटारीचा धूर सगळ्या देशानं पाहिला. पण त्या ३२ हजारांत कुणा जखमी माणसाच्या पायाचं एखादं ऑपरेशन झालं असतं का, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

मी एक साधा भागाकार केला. २०१७ आणि २०१८ मधल्या फक्त चार इमारतींचे मिळून १५ कोटी ९ लाख रुपये होतात. २५७ मृतांची कुटुंबं आणि ७१३ जखमी, एकूण ९७०. माणशी दीड लाखाहून अधिक येतात. फार मोठी रक्कम नव्हे. पण काकूंच्या हातात ती पडली असती तर तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘ज्यांनी तुझं घेतलं, त्यांच्याकडून.’ तसं झालं नाही, कारण कायद्यात तशी सोयच नव्हती.

आणि हे सगळं किती सावकाश चालतं ते पाहा. टायगर मेमनच्या कुटुंबाच्या १४ मालमत्ता १९९४ पासून न्यायालयाच्या रिसीव्हरच्या ताब्यात होत्या. त्या केंद्र सरकारच्या हवाली करण्याचा आदेश विशेष टाडा न्यायालयानं दिला तो मार्च २०२५ मध्ये. एकतीस वर्षं कुलपं तशीच होती. एकतीस वर्षांत बाळाचं लग्न होऊन त्याचं बाळ शाळेत जायला लागतं.

बाकावर दोघी

आता दुसरी वही उघडू. भरपाईची.

१९९३ च्या पावसाळ्यात मी काकूंना घेऊन एका सरकारी कचेरीत जात असे. वारसा दाखला, शिधापत्रिका, शवविच्छेदनाचा कागद, पोलिसांचा पंचनामा. एक कागद दिला की दुसरा मागत. आमच्याबरोबर माझी फुफी, म्हणजे वडिलांची बहीणही असायची. जानेवारी १९९३ च्या दंगलीत तिचा १९ वर्षांचा मुलगा कामावरून घरी आला नाही. पुढंही कधी आला नाही.

दोघी एकाच बाकावर बसत. एकीचा नवरा बॉम्बस्फोटात गेलेला, दुसरीचा मुलगा दंगलीत हरवलेला. बाहेर त्या दिवसांत कोण कुणाला काय म्हणत होतं ते तुम्हाला आठवत असेल. या दोघी मात्र एकमेकींचे कागद सांभाळत, एकाच डब्यातलं खात. काकूंना धनादेश मिळाला. फुफीला सांगण्यात आलं, मृत्यूचा दाखला आणा. ती म्हणाली, ‘माझा मुलगा मेला असं मी कसं लिहून देऊ?’ बेपत्ता माणसाला मृत मानायला कायद्यात सात वर्षं लागतात, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्या दोन महिन्यांच्या दंगलीतल्या मृतांचा आकडा आहे ९००. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. याशिवाय १६८ बेपत्ता. राज्य सरकारनं १९९८ मध्ये ठराव करून बेपत्ता माणसांच्या वारसांनाही दोन लाख रुपये देऊ केले. पण १६८ पैकी पैसे पोचले ते फक्त ६० घरी. उरलेल्या १०८ घरांचे पत्ते सापडले नाहीत, कागदपत्रं पुरी झाली नाहीत, असं सांगण्यात आलं.

पत्ते सापडणार कसे? माझी फुफी दंगलीनंतर खोली सोडून गावी आली होती. दंगलीत मुलगा गेलेली माणसं त्याच खोलीत, त्याच दारात डोळे लावून बसून राहतील अशी सरकारी फायलीची कल्पना असावी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणात निकाल दिला. नागरिकांना दंगलीपासून वाचवण्यात राज्य कमी पडलं, ही त्याची जबाबदारी आहे, असं न्यायालयानं म्हटलं. त्या १०८ कुटुंबांना शोधा, दोन लाख रुपये द्या आणि जानेवारी १९९९ पासून त्यावर नऊ टक्के व्याज द्या, असा आदेश दिला. व्याज हा शब्द मला फार मोठा वाटतो. दानावर कुणी व्याज देत नाही. व्याज कर्जावर असतं. म्हणजे तीस वर्षांनी का होईना, ती रक्कम सरकारचं देणं होतं हे मान्य झालं. फुफी मात्र २००९ मध्येच गेली.

भरपाईचा इतिहास हा असा आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत गुन्हेगाराला केलेल्या दंडातून बळीला काही देण्याची सोय होती, ती १९७३ च्या संहितेत ३५७ व्या कलमात आली. पण त्यासाठी गुन्हेगार सापडला पाहिजे, दोषी ठरला पाहिजे आणि त्याच्याकडून दंड वसूल झाला पाहिजे. स्फोटासारख्या गुन्ह्यात या तीनही गोष्टी जुळायला एक पिढी जाते. मधल्या काळात मिळायचं ते ‘सानुग्रह अनुदान’. शब्दातच अनुग्रह आहे. म्हणजे मायबाप सरकारची कृपा.

बदल झाला तो २००८ च्या सुमाराला. केंद्र सरकारनं दहशतवादी, जातीय आणि नक्षलवादी हिंसाचारातल्या नागरी बळींसाठी एक योजना आणली. १ एप्रिल २००८ पासून तीन लाख रुपये, आणि २०१६ पासून पाच लाख. या योजनेची मला आवडलेली गोष्ट ही की स्फोटातला आणि दंगलीतला बळी तिनं एकाच ओळीत बसवला, जशा त्या दोघी एका बाकावर बसत होत्या तशाच. त्याच सुमाराला फौजदारी संहितेत ३५७-अ हे कलम घालण्यात आलं आणि २००९ च्या अखेरीस लागू झालं. प्रत्येक राज्यानं बळींच्या भरपाईची योजना आखावी आणि गुन्हेगार सापडला नाही, खटला उभा राहिला नाही तरीही बळीला भरपाई मागता यावी, असं त्यात होतं. 

याचं महत्त्व २०२५ च्या जुलैमध्ये कळलं. मालेगावच्या २००८ च्या स्फोटात सहा जण मरण पावले होते. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. पण त्याच निकालात मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना प्रत्येकी पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. त्याआधी दहाच दिवस मुंबई उच्च न्यायालयानं २००६ च्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांच्या खटल्यातले सगळे बारा आरोपी निर्दोष ठरवले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या स्फोटांत १८९ माणसं गेली होती. अशा वेळी जप्त करायला कुणाची मालमत्ताच नसते. पण मेलेली माणसं तर मेलेलीच असतात. भरपाई गुन्हेगाराच्या खिशावर अवलंबून ठेवली तर ही कुटुंबं रिकाम्या हातानं परत जातील.

दोन वह्यांमधला पूल

मग राज्यांच्या कायद्यांचं काय? टाडा १९९५ मध्ये संपला. १९९९ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा केला, तोच मोक्का. त्याच्या विसाव्या कलमात जप्ती आहे; दोषी ठरलेल्याची मालमत्ता राज्य सरकारकडे जाते. टोळीतल्या माणसाच्या वतीनं हिशेब न देता येणारी मालमत्ता बाळगणं हादेखील त्यात गुन्हा आहे, आणि त्याला किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. गुजरातचा दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो मोक्काच्याच वळणाचा. इकडे केंद्राच्या बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्यात २००४ मध्ये दहशतवादातून आलेला पैसा आणि मालमत्ता जप्त करण्याचं स्वतंत्र प्रकरण आलं.

हे सगळे कायदे मी ओळीनं वाचले. जप्तीची कलमं लांबलचक आहेत. टाच कुणी आणायची, नोटीस कशी द्यायची, अपील कुठं करायचं, सगळं आहे. पण जप्त झालेल्या पैशावर पहिला हक्क त्या गुन्ह्यात होरपळलेल्यांचा, असं वाक्य मला त्यांत सापडलं नाही. म्हणजे एका वहीत सरकार जमा करतं, दुसऱ्या वहीतून सरकार मदत देतं, आणि दोन्ही वह्या वेगवेगळ्या टेबलांवर.

परदेशांत या वह्या जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. इटलीत माफियाकडून जप्त केलेली घरं आणि शेतं समाजाच्या उपयोगासाठी देण्याचा कायदा १९९६ मध्ये झाला, तोही दहा लाख लोकांनी सह्या करून मागितल्यावर. अमेरिकेत २०१५ मध्ये दहशतवादाच्या बळींसाठी निधी उभा राहिला. निर्बंध मोडणाऱ्यांकडून वसूल झालेला दंड आणि जप्तीचा पैसा त्यात जातो.

आपल्याकडे असा पूल बांधला गेला तो १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे मुंबक्याच्या त्या लिलावानंतर सहाच महिन्यांनी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १०७ वं कलम. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता आहे असं न्यायालयाचं मत झालं, की तो पैसा त्या गुन्ह्यानं बाधित झालेल्यांना वाटून देण्याचा आदेश न्यायालय जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं. हे वाटप साठ दिवसांत करायचं. घेणारं कुणी नसेल किंवा वाटून काही उरलं, तर ते सरकारजमा. क्रम बघा. आधी बळी, मग सरकार. इथं हा क्रम असा उलटा झाला. साफेमाखाली जप्त झालेल्या मालमत्तेला मात्र हे कलम लागत नाही. तिथं अजून जुनाच हिशेब आहे.

पण या कलमाबद्दल माझ्या मनात एक धास्तीही आहे, आणि ती लपवणं बरं नव्हे. यात खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची अट नाही. नोटिशीला उत्तर द्यायला चौदा दिवस. नोटीस दिल्यानं जप्तीचा हेतूच फसणार असेल तर दुसऱ्या बाजूचं न ऐकताही अंतरिम आदेश होऊ शकतो. १९ वर्षांनी निर्दोष सुटलेली माणसं आपण नुकतीच पाहिली. उद्या एखाद्याचं घर विकून पैसा वाटला गेला आणि मग तो निर्दोष ठरला, तर ते घर कुठून आणायचं? गालिबच्या दिल्लीतली ती रेघ इथं पुन्हा पुसट होऊ शकते. म्हणून न्यायालयांनी १९९४ च्या निकालातला तो धागा घट्ट धरला पाहिजे. मालमत्तेचा माग काढा. नात्याचा, आडनावाचा, गावाचा नको.

गावाचा, हे मी मुद्दाम म्हणतो. मुंबक्याला शेती करणारी, शाळेत शिकवणारी, आखातात राबून घरी पैसे पाठवणारी माणसं राहतात. त्या तालुक्यातला आहे म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, हे मी पन्नास वेळा अनुभवलं आहे. जप्ती एका कुटुंबाच्या सात-बाऱ्यावर झाली, पण तिचा डाग सगळ्या पंचक्रोशीनं वागवला. त्या डागाची भरपाई कुठल्याच कायद्यात नाही, आणि आम्ही ती मागतही नाही. पण दुसऱ्या कुणावर असा डाग पडू नये एवढं तरी आम्ही सांगू शकतो.

तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. मी त्यांना मग सविस्तर फोन केला. म्हटलं, ‘काकू, तुमच्या वेळी ते पैसे सरकारचे होते. आता नवीन कायद्यात ते आधी माणसांचे आहेत. आणि पैसे सापडले नाहीत तरी सरकार देणं लागतं.’

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘चांगलं झालं. पण तुझ्या फुफीचं काय झालं रे? तिचे व्याजाचे पैसे आले का?’

फुफीची मुलगी, माझी आतेबहीण, पनवेलला असते. अर्ज तिनं भरायचा आहे. जुन्या चाळीतल्या खोलीची भाडेपावती हवी होती. ती काकूंनी त्यांच्या ट्रंकेत जपून ठेवली होती, फुफीनं गावी जाताना दिलेल्या इतर कागदांबरोबर. गेल्या महिन्यात मी जाऊन ती घेऊन आलो.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)